गळालेला शेरा

ताईला ऑफिसात सगळेच ताई म्हणत. तिच्याहून पाच वर्षांनी मोठे असलेले साहेबही, आणि परवा कामाला लागलेले इंजिनीअरही. तिची काही हरकत नसे. माहेरी थोरली लेक, सासरी मोठी सून. मोठेपण तिच्या अंगवळणी पडलेलं होतं.

तिचं काम काय, हे सासूबाईंना समजायला मात्र तीन वर्षं गेली. अकरा सरकारी लॅबमध्ये माणसांचं रक्त तपासलं जाई. प्रत्येक तपासणीची एक फाइल होई. ती फाइल ताईच्या सर्व्हरवर येई, तिथं उघडली जाई, वाचली जाई, नव्या साच्यात पुन्हा बांधली जाई आणि हॉस्पिटलातल्या डॉक्टरांच्या स्क्रीनवर जाऊन पडे. आता कॉम्प्युटरला अक्षर म्हणून काही कळत नाही, त्याच्या लेखी सगळे आकडेच. कुठला आकडा म्हणजे कुठलं अक्षर, याचा एक तक्ता असतो. ज्या तक्त्यानं लिहिलं त्याच तक्त्यानं वाचावं लागतं. हे सगळं एकदा ताईनं भाजी निवडता निवडता समजावून सांगितलं.

"म्हणजे या डब्यातलं काढायचं आणि त्या डब्यात भरायचं," सासूबाई म्हणाल्या.

"तसंच म्हणा."

"आणि त्यासाठी तू सोळा वर्षं शिकलीस?"

ताई पोट धरून हसली होती. ऑफिसात जाऊन तिनं हे सगळ्यांना सांगितलं, आणि पुढं कितीतरी दिवस तिच्या विभागाला डबेवाला विभागच म्हणत.

अकरापैकी तीन लॅब जुन्या होत्या. त्यांचे कॉम्प्युटर जुने, त्यावरचा फॉन्ट जुना आणि त्या फॉन्टचा तक्ता जगावेगळा. मधल्या काळात वरून आदेश आला, की सगळा कारभार एकाच नव्या तक्त्यावर आणा. ताईनं आणला. आणि एका शनिवारी भर दुपारी गाडी अडली. या तीन लॅबमधल्या फाइलींत तंत्रज्ञांनी लिहिलेल्या मराठी शेऱ्याच्या जागी असे आकडे होते, की नव्या तक्त्याला त्यांचा अर्थच लागेना. अर्थ लागला नाही की प्रोग्राम तिथंच थांबे, आणि मागच्या सगळ्या फाइली रांगेत खोळंबत.

वॉर्डांतून फोनवर फोन यायला लागले. साहेब येऊन ताईच्या खुर्चीमागं उभे राहिले.

"किती अडकलेत?"

"चारशेच्या वर. जुना तक्ता बसवायला हवा. दोन दिवस द्या मला."

"दोन दिवस पेशंट थांबतील का, ताई? चार अक्षरांपायी चारशे रिपोर्ट अडवून ठेवायचे?"

प्रश्न काही चुकीचा नव्हता. रक्ताचे आकडे इंग्रजी अंकांत असत, आणि ते दोन्ही तक्त्यांत सारखेच होते. अडत होतं ते फक्त शेऱ्यांशी. ताईनं क्षणभर विचार केला आणि प्रोग्राममध्ये एक शब्द घातला. त्या शब्दाचा अर्थ एवढाच, की जे वाचता येणार नाही ते सोडून दे आणि पुढं चल. अडलेली गाडी भरधाव सुटली. पंधरा मिनिटांत चारशे रिपोर्ट पोचले. कुणीतरी टाळी वाजवली, साहेबांनी सगळ्यांना चहा मागवला. ताईनं वहीत लिहून ठेवलं, 'सोमवार: जुना तक्ता बसवणे.'

सोमवारी सर्व्हर बिघडला. मंगळवारी दुसरंच काही निघालं. तो सोमवार काही उगवला नाही. म्हणजे सोमवार पुष्कळ उगवले; चौदा महिन्यांत साठेक तरी येऊन गेले. पण काहीच अडत नव्हतं, कुणी तक्रार करत नव्हतं, आणि जे कुरकुरत नाही त्याला तेल कोण घालतो?

चौदा महिन्यांनी, एका सोमवारीच, काकांचा फोन आला.

काका म्हणजे टेकडीवरच्या लॅबमधले तंत्रज्ञ. एकतीस वर्षं सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसलेला माणूस, निवृत्तीला तीन महिने राहिलेले. ताईनं त्यांना कधी पाहिलं नव्हतं, पण फोनवरची ओळख आठ वर्षांची. फोन केला की आधी पाच मिनिटं ते आपल्या कॉम्प्युटरला शिव्या घालत, मग कामाचं बोलत. त्या दिवशी शिव्या नव्हत्या.

"ताई, एक रिपोर्ट बघता का?" त्यांनी नंबर सांगितला.

"बघितला. पोटॅशियम तीन पूर्णांक नऊ. नॉर्मल आहे की."

"शेरा काय आहे?"

"शेरा रिकामा आहे, काका. नुसतं एक टिंब दिसतंय."

"टिंब?"

"पूर्णविराम."

पलीकडं खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग काका म्हणाले, "नुसता पूर्णविराम मी कशाला लिहीन हो? त्याच्या आधी काहीतरी असतं ना."

आणि मग त्यांनी सांगितलं. अडतीस वर्षांची एक बाई. बसमध्ये कंडक्टर. चार दिवस उलट्या-जुलाबांनी हैराण होऊन हॉस्पिटलात आली. सलाइन लावलं, रक्त तपासायला पाठवलं. रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून संध्याकाळी घरी सोडलं. दुसऱ्या दिवशी सकाळी बूट घालायला वाकली, ती परत उठलीच नाही. हृदय बंद पडलं. पोटॅशियम फार खाली गेलं की असं होतं.

"तिचं रक्त काढताना पेशी फुटल्या होत्या, ताई. पेशी फुटल्या की आतलं पोटॅशियम बाहेर येतं आणि आकडा फुगतो. कमी असलेलंही नॉर्मल दिसतं. म्हणून मी शेरा लिहिला होता. लिहिला होता, मला आठवतंय. पण डॉक्टर म्हणतात, शेरा नव्हता. पाठवलेली फाइल आमच्याकडं राहत नाही, आणि कागदही म्हणतो नव्हता. गुरुवारी चौकशी आहे. लॅबमधले सगळे म्हणतात, काका, वय झालं, राहून गेलं असेल." ते थांबले. मग अगदी हलक्या आवाजात विचारलं, "राहून गेलं असेल का हो?"

ताईनं स्क्रीनवरच्या टिंबावर बोट ठेवलं. पूर्णविरामावर काका अडले तेव्हाच तिला कळलं होतं. पूर्णविरामाचा आकडाही दोन्ही तक्त्यांत सारखाच असतो. बाकीचं सगळं गळून गेलं, की तोच तेवढा मागं उरतो.

"मी बघून सांगते," एवढंच ती म्हणाली. तेव्हाच सांगून टाकायला हवं होतं, पण तिनं फोन ठेवून दिला.

मूळ फाइली दोन वर्षं जशाच्या तशा जपून ठेवायचा नियम होता. तिनं त्या बाईची फाइल काढली आणि अक्षरांत न उघडता नुसत्या आकड्यांत उघडली. शेऱ्याच्या जागी सत्तरएक आकडे होते, एकही गेला नव्हता. कपाटाच्या तळाशी जुन्या सॉफ्टवेअरची पुस्तिका पडलेली होती आणि तिच्या शेवटच्या पानावर तो जगावेगळा तक्ता छापलेला होता. प्रोग्राम लिहायला अर्धा तास लागला असता. तेवढाही धीर तिच्यात नव्हता. ओळीखाली पट्टी धरून ती एकेक आकडा शोधायला लागली आणि कागदावर एकेक अक्षर उतरवायला लागली. काना वेगळा, मात्रा वेगळी, जोडाक्षराचा अर्धा तुकडा वेगळा. चार वाजेपर्यंत कागदावर वाक्य तयार झालं:

'पेशी फुटलेल्या आहेत पोटॅशियमवर विसंबू नये नमूना पुन्हा घ्यावा.'

ताईनं ते तीनदा वाचलं. मग तिनं तो शब्द प्रोग्राममधून काढून टाकला. तीन लॅबच्या फाइली तत्क्षणी अडल्या. फोन वाजू लागले. या खेपेला ती प्रत्येकाला सांगत राहिली, "थांबा. चुकीचा रिपोर्ट देण्यापेक्षा उशिरा देते." रात्री नऊपर्यंत जुना तक्ता बसला. दोन दिवसांचं म्हणून चौदा महिने टाळलेलं काम पाच तासांत झालं. आणि मग तिनं मोजलं. चौदा महिन्यांत असे सहाशे बारा शेरे गळाले होते.

मंगळवारी सकाळी ती कागद घेऊन साहेबांकडं गेली. साहेबांनी चष्मा काढला, कागद वाचला, चष्मा पुन्हा घातला आणि पुन्हा वाचला. ते वाईट मनुष्य नव्हते. त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उडालेला ताईला दिसला.

"हे कुणाला दाखवलंत?"

"अजून नाही."

"मग दाखवू नका. बिघाड दुरुस्त झाला ना? झालं तर. चौकशी लॅबची आहे, आपली नाही."

"आणि काका?"

"त्यांची तीन महिन्यांत निवृत्ती आहे. फार तर एक ठपका बसेल. तुमची अजून अकरा वर्षं आहेत, ताई. माझ्या मुलीचं शिक्षण व्हायचंय. आपण कुणी जाणूनबुजून केलं का हे?"

"नाही."

"मग?"

ताईनं टेबलावरचा कागद परत उचलला. ती जागेवर येऊन बसली. दिवसभर काम केलं, पण काय केलं ते तिला सांगता आलं नसतं.

घरी ताटावर बसली, पण भात नुसता चिवडत राहिली. सासूबाईंनी दोनदा पाहिलं, तिसऱ्यांदा विचारलं. ताईनं सगळं सांगितलं. एरवी दर वाक्याला टोकणाऱ्या सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं.

"साहेबांनी सांगितलं म्हणून केलंस ना?" मग त्यांनी विचारलं.

"सांगितलं त्यांनी. पण तो शब्द मी घातला. त्यांना तो शब्द ठाऊकसुद्धा नव्हता. तो घातला की काय गळतं हे त्या खोलीत फक्त मला माहीत होतं."

सासूबाईंनी तिच्यापुढचं ताट उचललं. "माझ्या धाकट्या भावानं एकदा मालकाचं घड्याळ फोडलं आणि मार गड्याला बसला," त्या म्हणाल्या. "सत्तरीत गेला माझा भाऊ. शेवटच्या आजारात कुणाकुणाची नावं घेत होता. त्यात त्या गड्याचं नाव होतं." एवढं बोलून त्या मोरीकडं गेल्या.

बुधवारी संध्याकाळी ताई काकांच्या घरी गेली. दोन खोल्यांचं घर. दारात चपला ओळीनं लावलेल्या. काकूंनी दार उघडलं. काका खिडकीशी बसले होते. फोनवरच्या भरदार आवाजावरून ताईनं धिप्पाड माणूस कल्पिला होता; हा तर मुठीएवढा माणूस.

"काका, तुम्ही शेरा लिहिला होता," ती उभ्या उभ्याच म्हणाली. "आमच्याकडं गळाला. माझ्यामुळं."

काकूंच्या हातातलं भांडं खाली ठेवलं गेलं, जरा जोरातच. "काल सही केली यांनी," त्या म्हणाल्या. "माझ्याकडूनच राहून गेलं, असं लिहून दिलं. मी हातापाया पडले, करू नका म्हणून. तर म्हणाले, सगळेच म्हणतायत तर तसंच असेल. आठ दिवस झोप नाही माणसाला. बाथरूममध्ये जाऊन रडतात. आणि तुम्ही आज येताय?"

ताईनं मान खाली घातली. काकांनी हात पुढं केला. तिनं कागद दिला.

त्यांनी तो डोळ्यांजवळ नेऊन वाचला. मग बोटानं एका शब्दावर टिचकी मारली. "नमूना. मू दीर्घ. तो ऱ्हस्व हवा. आमचे मोठे डॉक्टर नेहमी चिडवायचे मला, अरे किती ताणशील म्हणून." त्यांच्या ओठांवर हसू आलंसं वाटलं, पण ते हसू नव्हतं. "म्हणजे मीच लिहिलंय. मला वेड नव्हतं लागलं."

"नाही, काका."

"बघ गं," ते काकूंना म्हणाले. काकूंनी पदर डोळ्यांना लावला. ताईला वाटलं, निदान या घरातलं एक ओझं आज उतरलं. पण काका कागदाकडं पाहतच राहिले.

"पूर्वी मी असा नमुना आला की वॉर्डात फोन करायचो," ते सावकाश म्हणाले. "नर्सबाईंना सांगायचो, अहो, पुन्हा पाठवा. त्या वैतागायच्या, पण पाठवायच्या. मग तुमचं हे आलं. तुम्हीच फोनवर म्हणालात, काका, आता नुसतं टाइप करा, डॉक्टरांना थेट दिसतं. मी फोन करायचं सोडलं. बरंही वाटलं, कटकट गेली." त्यांनी कागदाची घडी केली, पुन्हा उलगडली. "एक फोन केला असता तर?"

काकूंनी भांडं उचलून आत नेलं. ताईला म्हणायचं होतं, की काका, तुमचा काही दोष नाही. पण त्या घरात असलं काही बोलायचा अधिकार तिला वाटला नाही.

गुरुवारी चौकशीच्या खोलीत ती स्वतःहून उभी राहिली. लांब टेबलापलीकडं तीन अधिकारी, अलीकडं काका, डॉक्टर, साहेब. शेवटच्या रांगेत एक उंच माणूस हात मांडीवर ठेवून बसला होता. नखांत लाकडाचा भुसा अडकलेला. तो त्या कंडक्टरबाईचा नवरा, सुतार. ताईनं तारखेसकट सगळं सांगितलं. ते करायला कुणी सांगितलं, असं अधिकाऱ्यांनी विचारल्यावर साहेब मान खाली घालून म्हणाले, "मी. घाई मीच केली." तेवढं ते खरं बोलले. काकांचा कबुलीजबाब रद्द झाला. डॉक्टरांना विचारलं, शेऱ्यात नुसतं टिंब दिसलं तेव्हा शंका आली नाही का? ते म्हणाले, चौदा महिने सगळ्याच शेऱ्यांत टिंबं दिसत होती; डोळ्यांना सवय झाली होती.

साहेबांची बदली झाली. ताईला तिच्या कामावरून हटवून नोंदी विभागात बसवलं. तिथं तिनं एकच काम मागून घेतलं: गळालेले सगळे शेरे डॉक्टरांपर्यंत आणि माणसांपर्यंत पोचवायचं. सहाशे बारांपैकी बहुतेक किरकोळ होते. नमुना कमी आहे, नाव तपासावं, असले. एकोणतीस मात्र तसे नव्हते. तिनं आणि एका नर्सनं एकेकाला फोन लावले. बहुतेक माणसं धडधाकट होती, काही वैतागली. एका म्हाताऱ्याचं दुखणं त्या फोनमुळं सापडलं आणि त्यानं ताईला तोंडभर आशीर्वाद दिले. ते ऐकताना तिला फोन कानापासून लांब धरावा लागला.

काका निवृत्त झाले. निरोपसमारंभाला ते गेलेच नाहीत, असं कळलं.

त्याआधीच, हे फोन चालू असताना, एका सकाळी तो सुतार नोंदी विभागात आला. ताई उठून उभी राहिली. त्यानं खुर्ची घेतली नाही.

"त्या दिवशी तुम्ही बोललात ते मला निम्मंच कळलं," तो म्हणाला. "मला लाकडातलं कळतं, यातलं नाही. पुन्हा सांगा. सोपं करून."

ताईनं सांगितलं. आकडे, तक्ता, तो शनिवार, तो शब्द. 'मी' हा शब्द तिनं एकदाही टाळला नाही. त्यानं मध्ये फक्त एकदा विचारलं, "पुन्हा रक्त घेतलं असतं तर जगली असती?"

"बहुतेक. एक सलाइन लागलं असतं. पोटॅशियमचं."

त्यानं भिंतीकडं तोंड वळवलं. मग तो म्हणाला, "मुलगी अकरा वर्षांची आहे. रोज विचारते, आई बरी होऊन घरी आली होती, मग कशानं गेली. मी सांगतो, पोटामुळं. तिला ते पटत नाही. हुशार आहे, आईवर गेलीय. मला हे सगळं तिला सांगता येणार नाही. तुम्ही लिहून द्या. मोठी झाली की वाचेल."

ताईनं कागद घेतला. पहिला फाडला, दुसराही फाडला. तिसऱ्यावर तिनं पेननं सावकाश लिहिलं, एका मुलीला कळेल अशा भाषेत. तो तोवर खिडकीशी उभा होता. लिहून झाल्यावर त्यानं कागद हातात घेतला आणि ओळीवरून बोट फिरवत सगळा वाचला.

"इथं 'रुग्ण' लिहिलंय," तो म्हणाला. "तिथं 'तुझी आई' लिहा."

तिनं खोडून लिहिलं.

त्यानं चार घड्या घालून कागद खिशात ठेवला. "मी तुम्हाला माफ केलं असं समजू नका."

"नाही समजत."

"तुम्ही पुढं होऊन बोललात हे मला माहीत आहे. पण घरी गेलं की ते आठवत नाही. तिचे बूट आठवतात. एक पायात होता, एक हातात."

डोळ्यांतलं पाणी त्याला दिसू नये म्हणून ताई टेबलावरचे फाडलेले कागद गोळा करत राहिली. थोड्या वेळानं धीर करून म्हणाली, "वाचून तिला काही विचारायचं असलं, तर मी—"

"ते तेव्हा ती ठरवेल," तो म्हणाला आणि जिना उतरून गेला.

पावलं ऐकू येईनाशी झाल्यावर नर्सनं हळूच पाण्याचा ग्लास पुढं सरकवला. ताईनं दोन घोट घेतले. यादीत अजून नऊ फोन बाकी होते. तिनं पुढचा नंबर लावला.